चोवीस मिनिटांचा दिवस

“देवाजी, शनिवारी दुपारपासून तुम्ही भोंग्याला हात लावायचा नाही!”

नवी इंजिनिअर वच्छला मेश्राम एरवी इतकं हळू बोलायची, की समोरचा माणूस कान पुढे करायचा. पण हे वाक्य तिने असं ठणकावलं, की हिंगण्याच्या त्या कारखान्यातल्या लेथ मशीनवरचे दोघे मागे वळून बघू लागले. देवाजी गेटजवळच्या खोलीत राहायचे आणि एकोणीस वर्षं मनगटावरच्या घड्याळात बघून पाळीचा भोंगा वाजवायचे. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. आता ते काम वच्छलाची चिप करणार होती. चिप चालली, की सहा महिन्यांचं प्रोबेशन संपून वच्छला नोकरीत पक्की!

“नाही लावत,” देवाजी म्हणाले. “मले काय, झोप भेटन.”

साल सत्याऐंशी. भोंग्याचा प्रोग्राम मुख्य कचेरीने फ्लॉपीवर पाठवला होता, तोही तुकड्यातुकड्यांत. ते तुकडे एकत्र करून चिपमध्ये भरणारं एक साधन कॉम्प्युटरवर होतं. सगळे त्याला ‘मिक्सर’ म्हणत. अडचण एवढीच, की कचेरीच्या प्रोग्राममध्ये भोंगा तीन मिनिटं बोंबलायचा. वच्छलाने वेळेचा तुकडा आपल्या डिस्कवर उतरवून घेतला, तीन मिनिटांची तीस सेकंदं केली, मिक्सर फिरवला आणि टेबलावर भोंग्याऐवजी बल्ब जोडला.

बल्ब तीन मिनिटं जळला!

वीस सेकंदं केली. तीन मिनिटं. दहा केली. तीन मिनिटं! तिने चिप बदलली, बल्ब बदलला, चष्मा पुसला. पुढच्या पाळीची वाट बघण्यात दिवस जातो, म्हणून चाचणीपुरतं त्याच तुकड्यात चिपच्या घड्याळाच्या एका तासाचं एक मिनिटही करून पाहिलं. त्यानेही काही फरक पडेना. ज्याचा परिणामच नाही, ते लक्षात कोण ठेवणार? ती ते विसरून गेली.

शुक्रवारी पुस्तिकेच्या एक्केचाळिसाव्या पानावर उलगडा झाला. मिक्सर तुकडे फक्त कचेरीच्या फ्लॉपीवरून उचलतो. आपला तुकडा वापरायचा असेल, तर तशी चिठ्ठी एका फाईलमध्ये लिहून ठेवावी लागते. म्हणजे पाच दिवस वच्छला एका वहीत गणितं सोडवत होती आणि मास्तर दुसरीच वही तपासत होते!

तिने चिठ्ठी लिहिली: ‘वेळेचा तुकडा माझ्या डिस्कवरून घे.’ पुन्हा तीस सेकंदं केली. मिक्सर फिरवला. घड्याळ तीनवर लावलं. बल्ब बरोबर तीस सेकंदं जळला! पुढची पाळी बघायला आठ तास कोण बसतं? तिने चिपची पेटी बंद ठेवूनच भोंग्याला जोडली. शनिवारी दुपारी तीनच्या ठोक्याला घड्याळ तीनवर लावून ती सुरू केली, स्विचसकट तिला कुलूप घातलं आणि किल्ली देवाजींच्या हवाली केली.

मॅनेजर आनंदराव साहेब स्वतः पटांगणात आले होते. भोंगा वाजला. तीस सेकंदं! सकाळची पाळी बाहेर पडून बसमध्ये बसली, दुपारची आत गेली. साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

तीन वाजून आठ मिनिटांनी भोंगा पुन्हा वाजला.

दुपारची पाळी, नुकतीच कामाला हात लावलेली, बाहेर आली. “सुट्टी झाली काय गा?” “भोंगा वाजला म्हणजे झालीच!” कँटीनच्या कांताबाईंचा नियम होता, भोंगा झाला की चहा. त्यांनी चहा पाठवला.

तीन सोळाला तिसरा भोंगा! आता सकाळची पाळी बसमधून उतरू लागली. ड्रायव्हर चंद्रभान खिडकीतून ओरडला, “अरे, चढून राहिले का उतरून राहिले? एक काहीतरी ठरवा ना!” कांताबाईंनी पुन्हा चहा पाठवला. “दूध संपलं वं माय!” आतून आवाज आला. “आता कोराच घ्या!” शेजारच्या कारखान्याने याच भोंग्यावर विसंबून आपलंही गेट उघडलं.

वच्छला गेटकडे धावली. “देवाजी, बंद करा! पेटी उघडा!”

“मी? मले तर हातच लावाचा नाही म्हटलं तुम्ही!”

“किल्ली द्या!”

देवाजींनी किल्ली काढायला सहा खिसे तपासले. तीन चोवीसला भोंगा चौथ्यांदा वाजला. त्यांनी शांतपणे मनगट वर केलं. “बाई, तुमचा उद्याचा तीनचा भोंगाही होऊन गेला. आता काढू काय किल्ली?”

पेटी बंद झाल्यावर साहेबांनी वच्छलाला केबिनमध्ये बोलावलं. चाचणीचं एका तासाचं एक मिनिट तुकड्यात कसं राहून गेलं आणि चिठ्ठीमुळे तेही चिपमध्ये कसं शिरलं, ते तिने एकही वाक्य न गाळता सांगितलं. साहेबांसमोर चहाचे चार कप होते.

“भोंगा तीस सेकंदांचा मात्र केलात,” ते म्हणाले. “प्रोबेशन सहा महिने वाढवतो. तेवढ्यात बाकीचं नीट करा.”

वच्छलाने मनात हिशेब केला. एकशे ऐंशी दिवस, दिवसाला चोवीस मिनिटं. बहात्तर तास.

“सर,” ती तिच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, “चिपच्या घड्याळाने ते तीनच दिवस होतात.”

साहेबांनी कान पुढे केला. तिने पुन्हा सांगितलं. ते हसले, खूप हसले, डोळे पुसले. मग मुदतवाढीच्या कागदावर सही केली.

“हो ना. पण आपण देवाजीच्या घड्याळाने धरू.”