दोन फाटकांमधली माणसं

मिसेस ग्रिमशॉ शनिवारी येणार हे कळल्यापासून नाइजेल पिकर्सगिलच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाई बेवारस कुत्र्यांच्या आश्रमातल्या. मस्टर्ड हा बीगल जातीचा कुत्रा नाइजेलने तिथूनच आणला होता. पण आश्रमाचा नियम असा की आधी कुत्रा नुसता राहायला पाठवायचा. मग बाई येऊन बघणार आणि त्यांची खात्री पटली तरच तो कायमचा तुमचा. नाही पटली, तर त्याच गाडीत घालून परत.

मस्टर्डमध्ये खोट अशी एकच होती. साखळी सुटली की तो हाक ऐकत नसे. कान शाबूत होते. फ्रिजचं दार उघडलेलं त्याला वरच्या मजल्यावर कळे. फक्त स्वतःच्या नावाचं त्याला वावडं होतं.

"याला मोकळा कुठे सोडता?" बाईंनी फोनवर विचारलं होतं.

"कुंपणाच्या शेतात," नाइजेलने ठोकून दिलं.

फोन ठेवल्यावर त्याची बायको हिलरी म्हणाली, "कुठलं रे शेत?"

"शोधू की."

"तू निवृत्त झालास ना, तेव्हाच मला कळायला हवं होतं. बाकीच्यांचे नवरे गोल्फ खेळतात."

ती बोलायला तिखट, पण न्याहारीच्या वेळी मस्टर्ड तिच्याच खुर्चीखाली बसे, आणि तो तिथे उगीच बसत नव्हता.

आमच्या यॉर्कशायरमध्ये अशी शेतं आता पैशाला पासरी झाली आहेत. मेंढ्या आजारी पडतात, कुत्री भाडं देऊन घरी जातात, हे शेतकऱ्यांना उमगलं तेव्हापासूनची ही गोष्ट. उंच कुंपण घालायचं, फाटकाला आकड्यांचं कुलूप लावायचं आणि अर्ध्या अर्ध्या तासाने शेत द्यायचं. एका वेळी एकाच घरचा कुत्रा. दुसऱ्याची तोंडओळखही नको.

पहिलं शेत छान होतं, पण कुंपणापलीकडे बदकांचं तळं होतं. मस्टर्डने जाळीला नाक लावलं ते वेळ संपेपर्यंत काढलं नाही. हिलरी म्हणाली, "हा व्यायाम झाला?"

दुसऱ्या शेतात सशांची बिळं निघाली. मस्टर्ड एका बिळात शिरला आणि शेजारच्या पबच्या अंगणात, एका अनोळखी गृहस्थाच्या टेबलाखाली निघाला. गृहस्थांच्या बशीतला मटणाचा पॅटिस तोवर संपला होता, म्हणजे त्यांनी न खाताच. नाइजेलने दुसरा मागवून दिला आणि वर दोनदा माफी मागितली.

तिसरं शेत डोरीन अ‍ॅक्रॉइड नावाच्या बाईंचं. ते हिलरीने मुलीसाठी स्थळ बघावं तसं पाहिलं. जाळी जमिनीत खोल गाडलेली, आजूबाजूला ना बदक ना ससा. आणि सगळ्यात भारी म्हणजे फाटकं दोन. मध्ये टेलिफोनच्या बूथपेक्षा जरासा मोठा पिंजरा. बाहेरचं फाटक लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, की कुत्रा सटकायची सोयच नाही. फाटकं सोडली की आपोआप बंद होत. आत जाताना आणि बाहेर येतानाही आकडा दाबावा लागे, आणि तो आकडा तुमची वेळ संपली की संपला.

"एकच सांगते," डोरीनबाई म्हणाल्या. "ज्याचा कुत्रा माझ्या फाटकातून सुटला, त्याने परत इथे पाऊल ठेवायचं नाही."

"इथून कोण सुटणार?" नाइजेल म्हणाला.

शनिवारी मिसेस ग्रिमशॉ आल्या. आल्या आल्या त्यांनी फर्मावलं, "मोबाइल गाडीत ठेवा. कुत्र्याबरोबर असताना लक्ष कुत्र्यावर." स्वतःचाही त्यांनी गाडीतच टाकला. मग त्यांनी जाळी हलवून पाहिली, कोपरे पाहिले, दोन्ही फाटकं पाहिली. मस्टर्डने मनसोक्त धावून घेतलं. वेळ संपत आली तशी नाइजेलने हाक मारली. मस्टर्ड आभाळाकडे बघत राहिला. हिलरीने हळूच खिशातला सॉसेज रोल काढला, तेव्हा तो बाणासारखा आला.

"हाकेला नाही आला," बाई म्हणाल्या.

"रोलला आला ना," हिलरी म्हणाली.

"ते मी धरत नाही."

नाइजेलचा चेहरा उतरला. कुत्र्यासकट चौघं पिंजऱ्यात आली, बाई पुढे, नाइजेल आतलं फाटक धरून मागे. आता फक्त साखळी अडकवायची होती. तेवढ्यात बाईंनी आकडा दाबून बाहेरचं फाटक आत ओढून उघडलं, आणि त्यांना रस्त्याच्या पार टोकाला एक म्हातारे गृहस्थ येताना दिसले. मिस्टर बूथ, पुढच्या अर्ध्या तासाचे, बगलेत बुटका डॅशहुंड कुत्रा.

आता आमच्या लोकांची एक खोड आहे. मागून कुणी येताना दिसलं की दार धरून उभं राहायचं, मग तो कितीही लांब असो. आणि ज्याच्यासाठी दार धरलंय त्याने बिचाऱ्याने धावायचं. मिस्टर बूथ गुडघे सांभाळत धावले.

"सावकाश या," बाई म्हणाल्या.

"नाही नाही, तुम्ही ताटकळताय," म्हणत ते धापा टाकत पिंजऱ्यात शिरले. ते आत आले म्हणून नाइजेलने त्यांच्यासाठी आतलं फाटकही धरून ठेवलं आणि साखळीचा हात हस्तांदोलनाला पुढे केला.

"आधी तुम्ही."

"छे, आधी तुम्ही बाहेर पडा."

"आम्हाला काही घाई नाही हो."

घाई फक्त मस्टर्डला होती. तो चौघांच्या पायांमधून शांतपणे बाहेर गेला.

"अगंबाई," म्हणत मिसेस ग्रिमशॉंनी हात सोडला. बाहेरचं फाटक लागलं. नाइजेल पुढे झेपावला, तसं आतलंही लागलं. चार माणसं आणि एक डॅशहुंड एकमेकांच्या अंगावर उभी राहिली. नाइजेलने आकडा दाबला. दिवा लाल. वेळ संपली होती.

"तुमचा आकडा?" हिलरीने मिस्टर बूथना विचारलं.

"फोनवर आलाय."

"आणि फोन?"

"गाडीत. बाईंनी फाटक धरलं होतं, म्हटलं आकडा लागतोय कशाला."

मस्टर्ड पळाला मात्र नाही. त्याने नाइजेलच्या उघड्या गाडीतले उरलेले रोल संपवले आणि परत येऊन पिंजऱ्यासमोर बसला. आश्रमात लोक जाळीपुढून एकेक कुत्रा न्याहाळत जातात, तसा तो एकेका माणसाकडे बघत होता. मिसेस ग्रिमशॉंवर त्याची नजर जरा रेंगाळली आणि पुढे गेली.

"मस्टर्ड," नाइजेल कसाबसा म्हणाला. हाक कसली, पुटपुटणंच ते. तो उठला, आला आणि जाळीतून नाइजेलच्या बोटांना नाक लावून उभा राहिला.

"आला हाकेला," हिलरी म्हणाली.

"रोल संपलेत म्हणून," बाई म्हणाल्या, पण जरा खालच्या सुरात.

इतक्यात डोरीनबाई किल्ली घेऊन आल्या. त्यांनी आधी पिंजऱ्यातली डोकी मोजली. मग मस्टर्डकडे बोट करून म्हणाल्या, "हा मोकळा कुत्रा कुणाचा?"

नाइजेलने तोंड उघडलं, तोच हिलरीने त्याच्या पायावर पाय दिला. "तसा अजून आश्रमाचाच आहे," ती गोड आवाजात म्हणाली. "म्हणजे आज तरी मिसेस ग्रिमशॉंचाच. फाटकही त्यांनीच धरलं होतं."

डोरीनबाईंनी मान वळवली. "आश्रमाच्या बाई? तुम्हीच ना त्या, फाटक कसं लावावं यावर आमच्या गावात भाषण दिलेल्या?"

मिसेस ग्रिमशॉ लाल झाल्या. "छे," त्या म्हणाल्या. "तो यांचाच आहे. पिकर्सगिलांचा."

"कधीपासून?"

"कायमचा. आत्ताच ठरलं. त्यांना विचारा हवं तर."

"ऐकलंस ना नाइजेल?" हिलरी म्हणाली. "तुम्ही पण ऐकलंत ना मिस्टर बूथ?"

"शब्द न् शब्द," मिस्टर बूथ म्हणाले.

"मग तुमचं इथलं येणं आजपासून बंद," डोरीनबाईंनी नाइजेलला सुनावलं.

"फार आभारी आहे," नाइजेल म्हणाला, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं.

डोरीनबाईंनी किल्ली फिरवली आणि फाटक उघडून धरलं.

"आधी तुम्ही," मिस्टर बूथ मिसेस ग्रिमशॉंना म्हणाले.

"नाही, आधी मिसेस पिकर्सगिल."

"तुम्ही पाहुण्या, तुम्ही निघा."

बराच वेळ कुणी हललं नाही. शेवटी मस्टर्डच कंटाळून आत आला आणि नाइजेलच्या बुटांवर बसला.