साफ केलेली ओवी

"ऐका आबा, आईचा आवाज. एकदम साफ!" शिवराजनं मोबाइल कडुबांच्या मांडीवर ठेवला.

कडुबांची बायको भागूबाई गेली त्या साली पाऊस रुसला, तो अजून परतला नव्हता. कधीकाळी एका गाणी गोळा करणाऱ्या बाईनं गावी येऊन जात्यावरच तिच्या ओव्या टिपल्या होत्या. त्याची रेकॉर्ड निघाली होती. सुई टेकली की आधी खरखर यायची, जणू भागूबाई सूप पाखडतेय. मग जात्याची घरघर, मग ती. परवा सुई मोडली, म्हणून शिवराजनं औरंगपुऱ्यातल्या दुकानातून ते गाणं मोबाइलमध्ये भरून आणलं.

"दळण दळीते, पीठ सांडतं भुईला
निरोप धाडीते, पाचोडच्या आईला"

"जातं कुठंय?" कडुबांनी विचारलं.

"दुकानदारानं काढलं. खरखर, घरघर, बांगड्या, सगळी घाण साफ!"

"मंग पीठ कशातून सांडतंय?"

शिवराजनं दुकानात फोन लावला. "भाऊ, कचरा काढल्यावर कचरा कोण ठेवतं?" तिकडून उत्तर आलं.

"मरू दे त्याला. रेकॉर्ड हाय की आपली," कडुबा म्हणाले.

शिवराजनं मान खाली घातली. येताना रस्त्यात टँकर दिसला, म्हणून तो रांगेत थांबला होता. तेवढ्यात मे महिन्याच्या उन्हानं स्कूटरच्या डिकीत रेकॉर्डचा द्रोण झाला होता.

"पाणी तरी मिळालं का?"

"नंबर आला अन् टँकर सरला."

कडुबा उठले. गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली गावचं जातं होतं, ते ओढत हॉलमध्ये आणलं. मोबाइल शेजारी ठेवला आणि रिकामं जातं गरागरा फिरवायला लागले. दगडावर दगड घासला, फरशी थरथरली.

दार धडधड वाजलं. खालचे साहेबराव, आणि त्यांच्यामागं बादल्या-हंडे घेऊन निम्मी बिल्डिंग!

"चोरून बोअर पाडता व्हय आबा? पाडा, पण पाणी समद्यांना पायजे!"

"बोअर नाय. दळतोय."

"काय?"

जात्यात दाणा नव्हता. लोक फिदीफिदी हसले. तेवढ्यात मोबाइलमधून भागूबाईनं पुढची ओवी उचलली आणि हसू विरलं. समोरच्या आशाबाईंनी हंडा खाली ठेवून खुंट्याला हात घातला.

"शिवराज, मूठभर ज्वारी आण. अन् आबा, दमानं. तिला मागं टाकू नका."

जातं फिरलं. शिवराजनं साहेबरावांचा मोबाइल मागून सगळं भरून घेतलं आणि लगेच लावून पाहिलं. घरघर होती, आशाबाईंच्या बांगड्या होत्या, हंड्यांचा खणखणाट, साहेबरावांचा खोकला. भागूबाई तेवढी लांब कुठंतरी, भिंतीपलीकडं.

"आई ऐकूच येत नाय, आबा. परत करू. साहेबराव, जरा खोकू नका."

"राहू दे," कडुबांनी डोळे मिटले. "असंच यायचं. ती आत दळायची, मी ओसरीवर निजलेलो."

साहेबराव तोंडावर रुमाल दाबून दाराकडं सरकले.

"तुमी खोका बिनघोर. तवा बी शेजारी एक म्हातारा खोकायचाच."

आणि कडुबा तिथंच, एवढ्या लोकांत, जात्यापासून चार हात लांब जाऊन आडवे झाले.