अकरा नग आणि एक शब्द

"नुसतं बघून येऊ. माझा माझ्या मनावर पूर्ण ताबा आहे," असं मोटरकाकांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं. काकूंनी कप खाली ठेवला. त्यांनी चपला घातल्या. म्हणजे त्याही निघाल्या.

जळलेल्या मोटरी दुरुस्त करता करता काकांना जुन्या व्हॅक्युम क्लीनरांचं वेड लागलं होतं. घरात सहा होते. पलंगाखालच्या दोघांची ठेच लागल्याशिवाय काकूंची सकाळ उजाडत नसे. "सातवा आणलात तर मी ताईकडे," असं त्यांनी शांतपणे बजावलं होतं, आणि शांतपणे म्हटलेलं त्या करून दाखवतात. पण एक न्यायाधीश वारले होते, त्यांच्या घरातलं सामान लिलावात निघालं होतं, आणि त्यात काकांनी जन्मभर शोधलेला तो होता. लांबट, पत्र्याचा, चाकांऐवजी घसरपट्ट्यांवर सरकणारा.

न्यायाधीशांच्या दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या होत्या.

"हात मांडीखाली. तोंड बंद," काकू म्हणाल्या.

काका स्वतःच्या हातांवर बसले. देवानं माणसाला हात दिले ते जोडायला. काकांचे मात्र वर जायलाच शिवशिवत. दोन दिवे गेले, कपाट गेलं. काकांचा पाय शिलाई मशीनसारखा चालू झाला.

"अहो, पाय."

पाय थांबला, तर मान हलू लागली.

"मान."

तेवढ्यात लिलाववाले ओरडले, "व्हॅक्युम क्लीनर! दातांच्या डॉक्टरांचे तीनशे. चारशेला कोण येतं?"

काकांच्या घशातून दार करकरावं तसा आवाज निघाला. नवऱ्याचा हा जीव टांगलेला चेहरा काकूंना बघवेना. जावं घरी, कुकर लावावा, असं म्हणून त्या उठल्या. पुढच्या रांगेत ओळखीच्या शिवणकामवाल्या वहिनी होत्या. काकूंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "बरं, येते मी."

"चारशेला बाई आल्या! पाचशे डॉक्टर. सहाशेला कोण येतं?"

वाटेतले जाड गृहस्थ पाय आवरेनात. काकू चिडून हात उंचावत म्हणाल्या, "अहो, येते म्हटलं ना!"

काकांना सगळं दिसत होतं. पण तोंड बंद ठेवायचा हुकूम होता, आणि पत्नीचा हुकूम पाळावा. त्यांनी भक्तिभावानं डोळे मिटले. हातोडी पडली.

"बाईंचं झालं. सगळे अकरा नग."

"अकरा?" काकांचे डोळे उघडले. न्यायाधीशांनाही तोच आजार होता.

"अहो, मी घरी जाते म्हणत होते," काकू म्हणाल्या.

"मग जाते म्हणायचं, बाई," लिलाववाले म्हणाले.

"निघताना कुणी जाते म्हणतं का? अभद्र!"

लिलाववाले डोकं खाजवू लागले. त्यांना ते पटलं होतं. पण दातांचे डॉक्टर हसून म्हणाले, "द्या सोडून. बाईमाणसाच्या शब्दाचं काय एवढं."

तिथं बिनसलं. काकू वळल्या. "माझा शब्द आहे तो. घेतलेत मी."

टेम्पो आला, अकरा नग घरात शिरले. बैठकीत पाय ठेवायला जागा उरली नाही. जुन्या पिशव्या फाटून न्यायाधीशांच्या घरची चाळीस वर्षांची धूळ फरशीवर सांडली. काका मात्र त्या लांबट पत्र्यापुढे गुडघ्यांवर बसले होते. डोळ्यांत पाणी, हातात पेचकस.

"हात लावू नका."

"अगं, फक्त मोटर बघतो."

"बोली कुणाची? माझी. मग मशीन कुणाचं? तुमचे सहा तुम्ही बघा, माझे अकरा मी बघेन."

"म्हणजे ताईकडे जात नाहीस ना तू?"

"एवढे नग घेऊन कुठं जाऊ?"

काकांनी सुस्कारा टाकला. जन्मभर शोधलेली वस्तू टीचभर अंतरावर होती, आणि आता तिला मालकीण होती.

"बरं, निदान ही धूळ तरी ओढू दे त्याला. एकदाच चालवतो."

काकूंनी पदरानं तो पत्रा हळूच पुसला. लखलखला. त्यांनाही तो जरा आवडलाच असावा.

"मळेल तो," त्या म्हणाल्या. "झाडू दाराआड आहे. कोपऱ्यापासून सुरुवात करा."