तीन वेशींचा मान

श्रीगिरणीदेवता प्रसन्न, जी ज्वारीस आणि गव्हास सारखेच दळते. वेशीच्या मानावरून राज्य कैसे बुडू पाहिले, ऐसे चारचौघांनी पुसिले, म्हणोन ऐकिले तैसे लिहितो. पदरचे तिखटमीठ बेताचेच.

शके अठराशे नव्वद, कीलकनाम संवत्सर, आश्विनमास. नदीकाठी एक राज्य होते, म्हणजे पिठाची गिरणी, आणि गादीवर सगुणाबाई. पती निवर्तल्यावर एकल्याच कारभार पाहात. राज्याचा गड म्हणजे डिझेलचे इंजिन. गडाच्या पोटी सिलिंडर, त्यात पिस्टन महाराज खालीवर स्वारी करीत, आणि महाराजांच्या अंगाभोवती तीन कडी, तेच तीन तट. कडे अखंड नसते, एके जागी फट असते, तीच वेस. तिन्ही वेशी तीन दिशांस ठेवाव्या, तर आतला दाब अडून राहतो, आणि एका रेषेत आल्या तर दाब सरळ निसटतो व गड पडतो. ही नीती मिस्त्री लोकांत सर्वांस ठाऊक. तर त्या साली कडी झिजली आणि गड धापा टाकू लागला. मग दीर तुळाजीराव येऊन बोलिले, "वहिनी, दसऱ्याला चाललं तर ठीक, न्हाई तर एकादशीला भंगारवाला आणतो." गिरणी गेली तर दिराच्या चुलीपुढे भाकरीसाठी बसणे आले, आणि तैसे बसणे त्यांस मरणाहून जड.

मग बाईंनी हैबती व रावजी मिस्त्री या बंधूंस बोलाविले. बंधू मोठे कसबी, परंतु बापाच्या ऐरणीवरून बिनसले होते आणि वर्षानुवर्षे अबोला. काम एकत्र, बोलणे ऐरणीशी. थोरला म्हणे, "ऐरणबाई, त्याला म्हणावं पाना दे," आणि धाकटा म्हणे, "ऐरणबाई, त्याला म्हणावं हात लांब कर." ऐसे चाले. परंतु ज्या दिवशी नवी कडी चढवावयाची ती खंडेनवमी. हत्यारे पूजेस बसली, ऐरणही झेंडूच्या माळांखाली बसली, आणि पूजेतल्या ऐरणीस पाना कोण मागेल? मग नुसत्या हातांनी कडी चढविली. हैबतीने खालचे चढविले आणि मान म्हणोन वेस गिरणीतल्या देव्हाऱ्याकडे, देवाकडे केली. रावजीने मधले चढविले. थोरल्याची वेस त्याने पाहिली होती. मनी म्हणाला, देवाचा मान काय त्याचा एकट्याचा? फिरवायची तर तो फिरवील. आणि आपलीही वेस देवाकडेच केली. हैबतीने तेही पाहिले आणि मिशीस पीळ दिला. वरचे कडे मालकाच्या हाते चढवावे हा रिवाज. बाईंनी दोघांचे पाहून हात जोडिले आणि भक्तिभावे तिसरी वेसही देवाकडे केली. दोघे जाणते, दोघे गप्प. धन्य तो मान!

दसऱ्यास गड बांधून हँडल मारिले. हँडल सैल फिरे, दाब धरेना, निळा धूर तेवढा निघे. तुळाजीराव गिरणीच्या दारात पान चघळीत उभे होते, ते हसिले. बाईंनी बंधूंच्या तोंडाकडे पाहिले. दोघांच्या माना खाली. मग बाई समजल्या आणि कडाडल्या, "ठाऊक असून गप बसलात? तुमच्या अबोल्यात माझी भाकरी चालली रे!" ते ऐकोन हैबतीस मोठी लाज वाटली. त्याने गड उघडिला, पिस्टन बाहेर काढिला आणि आपल्या कड्यास हात घातला. बोलिला, "रावजी, तुझं ऱ्हाऊ दे देवाकडं. मी फिरवतो." रावजीने त्याचा हात धरिला. म्हणाला, "दादा, तू थोरला. मी फिरवतो." "ऐक की!" "तूच ऐक!" आणि मान देण्यावरून दोघे हातघाईवर आले. तेव्हा बाई म्हणाल्या, "दोघंबी फिरवा रे बाबांनो, देव काय उठून चालला न्हाई!" मग बाईंची वेस देवाकडे राहिली, थोरल्याची डावीकडे गेली, धाकट्याची उजवीकडे, आणि हँडल मारितांच ऐसा दाब लागला की रावजीचा खांदा हिसकला. गड गर्जला, पट्टा फिरला, जाते फिरले. तुळाजीराव सोने न लुटताच घरास गेले.

तात्पर्य, तटास वेस असावीच लागते, परंतु आपली वेस कोठे ठेविली हे शेजारच्या तटास सांगावे. बाईंचे राज्य राहिले. पुढील खंडेनवमीस ऐरण पुन्हा पूजेस बसली, आणि हार कोणी घालावा यावरून बंधू मोठमोठ्याने भांडले. ऐरणीस मात्र त्या दसऱ्यापासून कोणी काही सांगेनासे झाले.