कागदाला कान लावणारे मेहबूबचाचा

मेहबूबचाचा नव्या कागदाच्या गठ्ठ्याला कान लावून बसत. सांगलीतल्या आमच्या साप्ताहिकाच्या छापखान्यात ते मशीनमन होते आणि मी विशीतला मुद्रितशोधक. विलायती कागद आला की आधी वास, मग कोपरा जिभेला, मग कान. “कॅनडाचा हाय. गप असतोय. नॉर्वेचा लय बडबड्या.”

त्यांचं पालुपद एकच. “कागद खोटं बोलत न्हाई.”

संपादक एकदा म्हणाले, “मग चाचा, आपण छापतो ते काय?”

“आवं, ते तुमी बोलताय. कागद बिचारा गपच हाय.”

यंत्रामागच्या भिंतीवर त्यांनी कागदाचं एक मोठं वेष्टण टांगलं होतं. त्यावर आलेखाच्या दोन रेघा. महिन्याला किती रुपयांचा वृत्तपत्री कागद बाहेरून हिंदुस्थानात आला, आणि किती ब्रह्मदेशात. चाचांना इंग्रजी येत नसे. वाचनालयातल्या व्यापारी मासिकातून आकडे मी आणायचो. त्यांचा एकुलता एक मुलगा याकूब रंगूनच्या छापखान्यात होता आणि पत्राचा भारी आळशी.

मी म्हणे, “चाचा, लढाईनं भाव चढलेत. किंमत वाढली म्हणजे कागद वाढला असं नाही.”

“चढू दे की. घेनारा हाय म्हंजे छापनारा हाय. छापनारा हाय म्हंजे याकूब हाय.”

मग रंगून जपान्यांनी घेतलं. ती बातमी चाचांनीच छापली. “जपानी बी पेपर वाचत असतील की,” म्हणाले. पुढच्या मासिकात ब्रह्मदेशाचा रकाना कोरा होता.

“रंगूनचं काय रं?”

मी एक आकडा ठोकून दिला. त्यांनी नुसती मान हलवली.

मग दर महिन्याला तेच. भिंतीकडे बघायचं मी सोडलं. एकदा घाईत आकडा फार खाली सांगितला गेला, तर दुसऱ्या दिवशी चाचांनी डबाच उघडला नाही. “याकूबला ताप हाय,” म्हणाले. तेव्हापासून आकडा उतरवायची मला भीती वाटू लागली.

एका सुटीच्या दुपारी यंत्रं बंद होती. कुणी नाही असं बघून मी गठ्ठ्याला कान लावला. आत काहीतरी लयीत आपटत होतं, ठक्‌ ठक्‌, यंत्र चालावं तसं. माझंच रक्त असणार.

“ऐकू आलं न्हवं?” चाचा मागे उभे होते.

साताऱ्याला शिक्षकाची नोकरी मिळताच मी सांगली सोडली. खरं सांगितलं नाही. आज ऐंशी उलटल्यावर ते पहिल्यांदा लिहितो आहे. “आता आकडा कोन सांगनार?” एवढंच त्यांनी विचारलं, आणि मी ट्रंक उचलली.

वर्षभरानं चाचा गेले. लढाई अजून संपली नव्हती. मी छापखान्यात पोचलो तेव्हा नवा मशीनमन ते वेष्टण काढायला निघाला होता.

वेष्टणावर हिंदुस्थानची रेघ मी गेलो त्या महिन्यापर्यंत होती. ब्रह्मदेशाची मात्र रंगून पडलं तिथंच थांबली होती. माझा एकही आकडा त्यांनी कागदावर घेतला नव्हता.

मशीनमननं वेष्टण उचललं. खाली चुन्याच्या भिंतीवर माझे ते सगळे आकडे होते. त्यांच्यापुढे मी गेल्यानंतरचेही होते, कुणीच न सांगितलेले, महिन्याला एक ठिपका, दर वेळी आधीच्यापेक्षा थोडा वर.