स्पॅनिश ऐकणारी म्हैस

इस्तारी मास्तरांचा घसा बसला, तो नेमका शेजारच्या कमळेला बघायला पाहुणे यायच्या दिवशी. आता मास्तरांच्या घशाचा आणि कमळेच्या सोयरिकीचा काय संबंध? सांगतो.

सन चोपन्न. वडशाजवळच्या एका गावात इंग्रजी जाणणारे चौघे निघाले, म्हणून मास्तरांनी हट्टाने स्पॅनिश धरलं. एका पाद्र्याने गाव सोडताना दिलेलं पुस्तक घेऊन ते रोज पहाटे अंगणात क्रियापदं घोकत. दर अक्षराला टाळी, जोराच्या अक्षरावर टाळीसोबत पायही आपटायचा. 'कांतो'ला पहिल्यावर पाय, 'कांतामोस'ला मधल्यावर.

कुंपणापलीकडे चंदाबाई, म्हणजे कमळेची आई, त्याच वेळी म्हशीचं दूध काढायची. म्हशीला त्या ठेक्याची अशी सवय लागली, की त्याशिवाय ती पान्हाच सोडेना! मास्तरांची बायको गोकुळा मात्र कपाळावर हात मारायची. "सकाळी सकाळी काऊन बोंबलता जी? देवाचं नाव घ्या ना!"

तर पाहुणे सकाळीच आले, म्हैस अजून काढायची होती. मध्यस्थाने आधीच 'घरची दुभती म्हैस' अशी फुशारकी मारून ठेवलेली. मुलाचे वडील लटारूभाऊ थेट म्हशीसमोर खाट टाकून बसले. "काढा दूध, ताज्या दुधाचाच चहा घेऊ!"

कमळा दाराआडून पाहत होती. मुलगा तिने वडशाच्या नाटकात एकदा पाहिला होता, आणि फार आवडला होता बिचारीला. चंदाबाई कुंपणाशी धावली.

"मास्तर, म्हना ना जी!"

मास्तरांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

मग चंदाबाईनेच धीर केला. जमेल तसं ओरडत तिने अक्षरागणिक पाय आपटला. म्हशीने लाथ झाडली, चरवी आडवी झाली.

"म्हैस आटली का जी?" लटारूभाऊंनी विचारलं. कमळेच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात गोकुळा भांडी टाकून आली. हाताला राख तशीच. तिने पदर खोचला आणि टाळी दिली. "कांतो, कांतास, कांता, कांतामोस, कांताइस, कांतान!" पाय एकदाही चुकला नाही. म्हशीने डोळे मिटले, आणि चरवीत फेस चढला.

लटारूभाऊंनी हात जोडले. "कोन्या देवाचं स्तोत्र हाये बाई?"

"दूरच्या," गोकुळा म्हणाली.

चहा झाला, सोयरीक ठरली. पाहुणे गेल्यावर मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुले सारं येते?"

"तीन महिने आयकून राह्यली. भिंतीलेबी पाठ झालं असन. अन् 'कांताइस'ले तुमचा पाय चुकते."

दुसऱ्या दिवशी घसा मोकळा झाला. मास्तरांनी ऐटीत पहिली टाळी वाजवली. म्हशीने मान वळवली आणि गोकुळेच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिली.

मास्तर आत गेले आणि फुंकणी गोकुळेच्या हातून घेतली.

"जा," ते म्हणाले, "थे वाट पाहून राह्यली." आणि स्वतः चूल फुंकायला बसले.