आबांची अडकणारी तबकडी

आमचे घरमालक दगडूआबा आठवड्यातून तीनदा भांडी घासायचा साबण मागायला येतात आणि त्यांच्या घरी धुतलेलं भांडं म्हणून दिसत नाही. भांड्यांच्या स्टँडमध्ये ताटांच्या जागी गाण्यांच्या तबकड्या निथळत असतात, ताटं कॉटखाली. परभणी सोडून पिरंगुटच्या पुढं त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहायला आलो, त्या दिवशी मी खाली चहाला गेले आणि एका तबकडीवर बिस्किटं मांडायला लागले. आबा एवढ्या जोरात "आगं आगं आगं!" करून धावले की हातातलं बिस्किट चहात गेलं.

एकेकाळी आबांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. त्यांच्या कर्ण्याशिवाय पंचक्रोशीत लग्न लागत नसे. आता डीजे आले आणि कर्ण्यात चिमण्या राहतात. तबकड्या मात्र शंभरेक आहेत, आणि ताम्हिणीकडून येणारा पाऊस चार महिने त्यांच्यावर बुरशीचं पीक काढतो.

"मॅडम, बुरशी लई हुशार हाय," आबा मला समजावतात. "एकाच औषधाची तिला सवय व्हती. सारखं बदलाया लागतं."

म्हणून औषधं. रिठ्याचं पाणी झालं, व्हिनेगर झालं, कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर झालं. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं शुद्ध पाणी तबकड्यांना आणि बॅटरीला नळाचं. त्यामुळं वीज गेली की इन्व्हर्टर दहा मिनिटांत मान टाकतो आणि हिंजवडीच्या ऑफिसची माझी ऑनलाइन मीटिंग माझ्याविना पार पडते. एकदा त्यांनी जुन्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट चोळलं. काळंकुट्ट फडकं माझ्यापुढं नाचवत म्हणाले, "बघा, किती मळ व्हता!" तो मळ नव्हता, तबकडीच विरघळत होती. हे कळल्यावर दोन दिवस सुतक पाळल्यासारखे बसून होते. तिसऱ्या दिवशी लहान मुलांचा शाम्पू घेऊन पुन्हा हजर. तबकडीच्या मधला नावाचा कागद भिजू नये म्हणून त्यावर वाटी उपडी घालायची आणि टूथब्रश गोल गोल फिरवायचा, "खाचंच्या वाटंनं". माझ्या नवऱ्याचे दोन ब्रश त्याच वाटेनं गेले.

हा सगळा खटाटोप खरं तर एका तबकडीसाठी. नवरी सासरी निघाली की लावायचं गाणं, 'पितळी समईची वात मोठी करा'. डीजे आले तरी पाठवणीला गावाला हीच तबकडी लागते. चाळीस वर्षं ते 'समईची'वर अडकत आलं. पितळी समईची, पितळी समईची, पितळी समईची... वात काही येत नाही. आबा सुईला टिचकी मारेपर्यंत नवरी मांडवाच्या तोंडाशी उभी. पुढं ती रीतच पडली: वात आल्याशिवाय नवरीनं हलायचं नाही. बाहेरगावाहून आलेल्या सुनांना वाटलं, गाणं असंच असेल. भात लावतानासुद्धा बाया 'पितळी समईची' सहा वेळा म्हणून मगच पुढं जातात. आणि आबांना गावानं नाव ठेवलं, पितळी आबा.

ते आबांना फार लागायचं. "कोमलच्या लग्नात एका दमात वाजवून दावतो," असा त्यांनी पणच केला होता. कोमल त्यांची नात. आई लवकर गेली, बापानं दुसरा संसार मांडला, म्हणून आबांनीच तिला लहानाची मोठी केली. ती उरवड्याच्या कंपनीत कामाला जायची आणि येताना आबांना शाम्पू आणायची. घरात दोघंच.

लग्नाच्या आठवड्यात आबांनी शेवटचं अस्त्र काढलं. तबकडीवर सुताराचा पांढरा गोंद थापला, दिवसभर वाळवला आणि अख्खी साल सोलून काढली. त्या सालीत गुलाल होता, अक्षतांचा भुगा होता आणि 'समईची'च्या जागी हळदीचा एक कण. मोहरीएवढाही नव्हता. आबांनी ती साल आळीभर दाखवून आणली.

पाठवणीच्या वेळी त्यांनी डीजेला हातानं गप्प केलं आणि सुई टेकवली. पितळी समईची वात मोठी करा! एका दमात! आबांनी दोन्ही हात वर केले. टाळी कुणीच वाजवली नाही. बाया 'समईची'च्या दुसऱ्या फेरीत होत्या आणि गाणं दोन ओळी पुढं गेलेलं.

"आरं, मशीन बिघडलं काय रं?" एक म्हातारी ओरडली.

कोमलनं वात ऐकली आणि रीतीप्रमाणं चालू लागली. गळ्यात पडणं, ओटी भरणं, रडणं, सगळं त्या अडकण्यात उरकायचं. त्याला आता जागाच नव्हती. आबांचे हात अजून वरच, आणि पोरगी गाडीत बसलीसुद्धा.

मला आबांचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. त्यांनी गाडीकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं. मग सुई उचलून मागं ठेवली. पितळी समईची. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. पितळी समईची. सुई दर वेळी नेमकी बसेना, त्यामुळं कधी 'ळी समईची' वाजे, कधी नुसतंच 'ची'. बाया लगेच सुरात आल्या. कोमल गाडीचं दार उघडं टाकून मागं फिरली आणि आबांच्या गळ्यात पडली.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आबा, जाऊ दे की आता."

"व्हय, व्हय," आबा म्हणाले आणि सुई पुन्हा मागं ठेवली. "येक डाव. येकच डाव."

असे किती डाव झाले कोण जाणे. शेवटी तिनंच त्यांचा हात सुईवरून उचलला आणि आपल्या हातात धरला. गाणं पुढं निघालं, तशी तीही निघाली.